सानादाच्या पायांकडे बघा

तुमचा प्रश्न असा आहे: "आशियाई ॲक्शन चित्रपट एवढे आवडण्यासारखं त्यांत काय असतं? आणि तुमचा आवडता जपानी अभिनेता कोण, का?"

अभिनेत्याचं नाव आधीच सांगून टाकते: हिरोयुकी सानादा. गेली वीस वर्षं माझं हे उत्तर बदललेलं नाही. पण तो का आवडतो हे सांगायचं तर सुरुवात जपानपासून करून चालणार नाही, कोल्हापूरपासून करावी लागेल.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकायला घातलं होतं. हातात लाठी मिळणार म्हणून आम्ही हरखून गेलो होतो, पण पहिले पंधरा दिवस वस्तादांनी लाठीला हातही लावू दिला नाही. नुसते पवित्रे. पुढचा पाय कुठे, मागचा कुठे, अंगाचं वजन कुठल्या पायावर, वळताना टाच कधी उचलायची. पुढे लाठी हातात आल्यावर कुणी समोरच्याच्या हातांकडे बघत खेळायला लागलं की ते ओरडायचे, "हाताकडं काय बघतीस? हात खोटं बोलत्यात. पाय बघ, पाय!"

दहावीनंतर खेळ सुटला, ती नजर मात्र सुटली नाही. पडद्यावर कुणी तलवार उपसली की माझं लक्ष आजही आधी जमिनीकडे जातं. आणि हाँगकाँगचे, जपानचे चित्रपट मला आवडायला लागले ते याच कारणासाठी, की ते पाय दाखवतात. कॅमेरा मागे घेतात, माणूस डोक्यापासून टाचेपर्यंत चौकटीत ठेवतात आणि तिथेच थांबतात. एक वार, त्याची अडवणूक, उलटा वार, हे सगळं एका सलग तुकड्यात दिसतं. नाहीतर एक ठोसा चार तुकड्यांत कापलेला, मध्येच चेहरा, मध्येच मूठ, मध्येच फुटलेली काच. अशा मारामारीत कोण कुठे उभा आहे तेच कळत नाही. मग भीती तरी कशाची वाटणार?

नव्वदच्या दशकात आमच्या केबलवाल्याकडे रात्री उशिरा हाँगकाँगचे चित्रपट लागत. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ. हे तिघेही हाँगकाँगमधल्या एकाच शाळेत, चायना ड्रामा ॲकॅडमीत, लहानपणापासून एकत्र वाढले, हे मला खूप पुढे समजलं. ती शाळा मारामारीची नव्हतीच, ती पेकिंग ऑपेराची, म्हणजे चीनच्या पारंपरिक संगीतनाट्याची होती. गाणं, मुद्रा, कोलांट्या, हातांवर उभं राहणं, शस्त्रं, सगळं एकाच गुरूच्या कडक शिस्तीखाली. हे वाचलं तेव्हा एक जुनं कोडं सुटलं. त्यांच्या मारामारीला ताल का असतो, असं मला नेहमी वाटायचं. आमच्या खेळाला हलगी लागते. हलगी थांबली की पट्टा फिरवणाऱ्याचे पाय जड होतात. पेकिंग ऑपेरातही झुंजीला झांजा आणि ढोल असतात, आणि ही मंडळी चित्रपटात आली तेव्हा तो ठेका अंगात घेऊनच आली. त्यांच्या झुंजी आवाज बंद करून बघा, तरी ठेका दिसतो.

बायकांचंही तसंच. दिग्दर्शक किंग हू यांच्या 1966 च्या चित्रपटात तलवार घेऊन खानावळीत बसलेली चेंग पेई-पेई ही नृत्य शिकलेली. मिशेल योह इंग्लंडमध्ये बॅले शिकत होती, पाठीच्या दुखण्यामुळे तो रस्ता बंद झाला आणि ती ॲक्शनकडे वळली. मला लहानपणी मुली मारामारी करताना दिसत त्या याच चित्रपटांत. नायक येऊन सोडवेल म्हणून त्या वाट बघत बसत नसत. आमच्या तालमीत आम्ही तीनच मुली होतो, त्यामुळे या गोष्टीचं मोल मला जरा जास्तच आहे.

जपानी झुंज याहून वेगळी, आणि ती आवडायला मला वेळ लागला. तलवारबाजीच्या चित्रपटांना जपानी बोलीत 'चांबारा' म्हणतात. पात्यांच्या खणखणाटावरून, 'चान-चान बारा-बारा'वरून, तो शब्द आलाय, आपल्या 'खणाखण'सारखा. पण चांगल्या चांबारात खणखण फार थोडी असते. दोघं समोरासमोर उभे राहतात. बराच वेळ काहीच होत नाही. मग एक पाऊल, एक वार, आणि संपलं. हाँगकाँगची झुंज म्हणजे रंगत गेलेला फड, तर जपानची म्हणजे ताणून धरलेला श्वास. झुंजीची आखणी करण्याला तिथे 'ताते' म्हणतात आणि ती एक वेगळी विद्याच मानतात.

या ताणलेल्या श्वासाचा राजा कोण, असं जपानी चित्रपटांचं वेड असलेल्या कुणालाही विचारलं तर बहुतेक जण तोशिरो मिफुने हेच नाव घेतील. बरोबरच आहे. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांबरोबर सोळा चित्रपट, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान दोनदा, 1961 आणि 1965 साली. मिफुने समोर आला की पडद्यावर वाघ सोडल्यासारखं वाटतं. त्याला मी मानते. पण सानादा माझा आहे, आणि त्याचं कारण पहिल्या दिवशीच ठरलं.

पुण्यात वसतिगृहात राहत होते तेव्हाची गोष्ट. कुणीतरी 'द लास्ट समुराई'ची सीडी आणली होती. मैत्रिणी टॉम क्रूझसाठी बसल्या होत्या. त्यात पावसातला एक प्रसंग आहे: क्रूझचा कैदी अधिकारी लाकडी तलवार घेऊन उभा आणि समोर उजिओ नावाचा समुराई. उजिओ त्याला पाडतो. तो उठतो. पुन्हा पाडतो. पुन्हा उठतो. सगळ्या जणी चिखलातून उठणाऱ्याकडे बघत होत्या, मी पाडणाऱ्याकडे. त्याचे पाय! चिखलात, पावसात, तो माणूस एकदाही घसरत नव्हता, अडखळत नव्हता. वजन नेमकं दोन्ही पायांच्या मध्ये. खांदे सैल. वार झाल्यावर अंग पुढे झेपावत नव्हतं, जिथे थांबायला हवं तिथेच थांबत होतं. मी सीडी मागे नेऊन तो प्रसंग तीनदा लावला आणि शेवटी नामावलीत नाव शोधलं.

मग त्याची माहिती गोळा करत गेले. जन्म 12 ऑक्टोबर 1960, टोकियो. पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो शिनिची चिबा यांच्या चित्रपटात. जगाला ते सॉनी चिबा म्हणून माहीत आहेत. चिबांनी 1970 साली 'जपान ॲक्शन क्लब' काढला. चित्रपटांतली मारामारी, उड्या, पडणं, घोडदौड, सगळं शिस्तीत शिकवणारी ती संस्था. सानादा शाळेत असतानाच तिथे दाखल झाला. मला तर ती तालीमच वाटते, आणि चिबा तिचे वस्ताद. 2021 मध्ये कोरोनानं चिबा गेले, तेव्हा मला सगळ्यात आधी त्या क्लबमधल्या पोरांची आठवण झाली, आता साठीला आलेल्या.

त्याच वेळी सानादानं जपानी पारंपरिक नृत्यही शिकून घेतलं. हे फार महत्त्वाचं आहे. नाचणारा माणूस आणि मारणारा माणूस एकाच अंगात असला की काय होतं ते बघायचं असेल तर त्याचं नुसतं बसणं आणि उठणं बघा. किमोनोत गुडघ्यांवर बसलेला माणूस तलवारीसकट उठतो तेव्हा कापडाची एक घडी विस्कटत नाही.

तारुण्यात तो जपानमध्ये ॲक्शनचा नायक होता, उड्या मारणारा, गाणीसुद्धा गाणारा. 1986 मध्ये हाँगकाँगला जाऊन त्यानं मिशेल योहबरोबर 'रॉयल वॉरियर्स' केला. तो मी खूप उशिरा पाहिला. लहानपणीच्या केबलवरच्या सगळ्या आठवणी आणि माझा हा आवडता नट एकाच चौकटीत पाहून डोळ्यांत पाणी आलं. जपानी शिस्त आणि हाँगकाँगचा वेग, दोन्ही त्याच्या अंगात एकत्र दिसतात. पुढे 2007 मध्ये ते दोघं 'सनशाइन' या अवकाशावरच्या चित्रपटात पुन्हा एकत्र आले. तो यानाचा कप्तान, आणि त्याच्या वाट्याला एकही मारामारी नाही.

ॲक्शनच्या नायकाचं वय झालं की काय होतं ते आपण सगळीकडे पाहतो. सानादानं काय केलं बघा. 1999 मध्ये तो रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या 'किंग लिअर'मध्ये विदूषक म्हणून उभा राहिला. दिग्दर्शक युकिओ निनागावा, लिअरच्या भूमिकेत नायजेल हॉथॉर्न, बाकी सगळे इंग्रज नट आणि त्यांच्यात हा एकटा जपानी, शेक्सपिअरच्या इंग्रजीत. जपानमध्ये नाव आणि पैसा दोन्ही असताना परक्या भाषेत, परक्या रंगमंचावर पुन्हा शिकाऊ होऊन उभं राहायचं. त्या कामासाठी 2002 मध्ये ब्रिटननं त्याला एमबीई हा मानद किताब दिला.

त्याच वर्षी तो चित्रपट आला ज्यासाठी मी हे एवढं लिहायला बसले आहे: 'द ट्वायलाइट समुराई'. दिग्दर्शक योजी यामादा. आयुष्यभर साध्या घरांच्या हसऱ्या-रडव्या गोष्टी सांगणारे यामादा सत्तरी ओलांडल्यावर पहिल्यांदा समुराईंच्या काळाकडे वळले, आणि तिथेही त्यांनी घरच दाखवलं.

सेइबेई इगुची हा पन्नास कोकूचा समुराई. एक कोकू म्हणजे ढोबळमानानं एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. समुराई म्हटला तरी काम कोठारात हिशेब लिहिण्याचं. बायको क्षयानं गेलेली, दोन लहान मुली, आणि आई इतकी विसराळू झालेली की पोटच्या पोरालाच ओळखत नाही. संध्याकाळ झाली की बरोबरचे लोक प्यायला जातात आणि हा थेट घरी येतो. म्हणून त्याला चिडवतात 'तासोगारे', संधिप्रकाशातला. रात्री तो कीटकांचे पिंजरे विणून चार पैसे जोडतो. कपडे फाटके, अंगाला वास. आणि हे काम करतोय जपानचा एकेकाळचा ॲक्शन हिरो! पहिला तासभर तो तलवारीला हात लावत नाही. पण मी शपथेवर सांगते, तो मुलींबरोबर जेवायला बसतो तेव्हाही त्याच्या पाठीच्या कण्यात तलवार दिसते. हा माणूस काहीतरी लपवतोय हे तुम्हाला कुणी न सांगता कळतं.

मग नदीकाठची झुंज येते. समोरचा दारुडा खरी तलवार घेऊन आलाय आणि सेइबेईच्या हातात लाकडाचा आखूड दांडका. हा प्रसंग मी आमच्या वस्तादांना दाखवायला हवा होता, ते तेव्हा हयात नव्हते. अंतर कसं राखायचं, समोरच्याच्या वाराला जागा देऊन त्याला पोकळीत कसं पाडायचं, याचा तो धडाच आहे. आणि विशेष म्हणजे जिंकल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही. चोरी पकडली गेल्यासारखा तो तिथून निघून जातो.

शेवटाकडे त्याला हुकूम येतो: घरात कोंडून घेतलेल्या झेनएमॉन नावाच्या तलवारबाजाला ठार कर. सेइबेई सुटका मागतो, मग थोडी मुदत मागतो. लढण्याचं अंग आता उरलं नाही म्हणतो. काहीच चालत नाही. झेनएमॉनच्या भूमिकेत मिन तानाका आहेत, मूळचे नर्तक, आणि हा त्यांचा पहिलाच चित्रपट. म्हणजे त्या अंधाऱ्या, माश्या घोंगावणाऱ्या घरात समोरासमोर आलेले दोघंही नाच जाणणारे. पण ते आधी लढत नाहीत. बसतात. बोलतात. दोघांच्याही घरात क्षयानं माणसं नेलेली. बोलण्याच्या ओघात सेइबेई सांगतो की लांब तलवार बायकोच्या अंत्यविधीसाठी विकली, म्यानात आहे ते बांबूचं पातं. आणि इथे सगळं फिरतं. इतका वेळ माणूस म्हणून बोलणाऱ्या झेनएमॉनला तो अपमान वाटतो: माझ्यासारख्याला मारायला बांबू घेऊन आलास?

सेइबेईकडे असते ती आखूड तलवार, कोदाची. तिच्यात तो तरबेज आहे. आता त्या घराचं छत बघा. ते ठेंगणं आहे. खांब, तुळया, सरकती दारं. लांब तलवारीला फिरायला जागा नाही. आखणी करणाऱ्यांनी सगळी झुंज त्या घराच्या मापानं बेतली आहे. सानादा इथे नायकासारखा लढतच नाही. मागे सरतो, धडपडतो, धापा टाकतो, घरी दोन मुली आहेत म्हणून लढतो. त्याचे पाय इथे पहिल्यांदा डगमगतात. ज्याचे पाय चिखलातही डगमगत नाहीत असा माणूस ठरवून डगमगतो, तेव्हा त्याला अभिनय म्हणायचं. शेवट काय होतो ते सांगत नाही.

या चित्रपटाला जपान अकादमीची बारा पारितोषिकं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट अभिनेता सानादा. परदेशी चित्रपटांच्या गटात ऑस्करचं नामांकनही मिळालं.

त्यानंतर तो अमेरिकेत गेला, आणि इथे माझी तक्रार आहे. बरीच वर्षं हॉलिवूडनं त्याला एकाच साच्यात बसवलं: कडक जपानी माणूस, दोन चांगले प्रसंग, एक झुंज आणि शेवटाआधी मरण. 'रश अवर 3'मध्ये आयफेल टॉवरवर तो आणि जॅकी चॅन समोरासमोर येतात. मला तर ती भेट म्हणजे चिबांची तालीम आणि पेकिंग ऑपेराची शाळा यांची गाठ वाटली, पण ते विनोदाच्या धांदलीत उरकून टाकलं. 2021 च्या 'मॉर्टल कॉम्बॅट'चे पहिले काही मिनिटं मात्र जरूर बघा. बागेत माती उकरायचं कुनाई तो दोरीला बांधतो आणि फेकून परत ओढतो. आपल्याकडच्या मर्दानी खेळातला विटा आठवला, दोरी मनगटाला बांधून फेकायचा भाला. त्या मिनिटांसाठी बाकीचा चित्रपट मी सहन केला. 'जॉन विक 4'मध्ये हाँगकाँगचा ॲक्शन नट डॉनी येन याच्याबरोबरची त्याची झुंज चांगली आहे, कारण तिथे दोन जुने मित्र नाइलाजानं लढतात आणि दोघांनाही ते अंगातून दाखवता येतं.

आणि मग 2024, 'शोगुन' ही टीव्ही मालिका. तिच्यातल्या तोरानागा या सरदाराची भूमिका 1980 च्या 'शोगुन' मालिकेत मिफुनेनं केली होती. चव्वेचाळीस वर्षांनी ती सानादाकडे आली. यात तो निर्माताही होता, आणि ती नुसती नावापुरती पाटी नव्हती. केसांचे टोप, कपडे, चालणं-बसणं, जुनी जपानी भाषा, यांतल्या जाणकारांना त्यानं जपानहून कॅनडातल्या चित्रीकरणावर आणलं. स्वतःचं काम नसलेल्या दिवशीही सेटवर हजर राहून तो हे सगळं तपासत असे. मालिकेतले बहुतांश संवाद जपानीत आहेत. एका वर्षात अठरा एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याची एमी सानादाला, आणि ती मिळवणारा तो पहिला जपानी नट.

मला याहून जास्त आनंद एका दुसऱ्या गोष्टीचा झाला. तोरानागा फारसा लढतच नाही. तो बसतो, ऐकतो, दूर बघतो. ज्या माणसानं आयुष्याची सुरुवात उड्या मारून केली, त्याला सगळ्यात मोठा मान मिळाला तो स्थिर बसण्यासाठी. पण ते बसणं बघा तरी. त्या खोलीत कुणाचीही हिंमत होत नाही हलायची.

तुम्ही विचारलं होतं आशियाई ॲक्शनमध्ये काय आहे. मला त्यात अंगानं केलेला अभ्यास दिसतो. थायलंडचा टोनी जा असो, इंडोनेशियाचा इको उवैस असो, त्यांच्या मागे कुठली ना कुठली तालीम उभी असते आणि ती चौकटीत दिसते.

सुरुवात करायची तर 'द ट्वायलाइट समुराई'पासूनच करा. 129 मिनिटांचा आहे. मूळ जपानी आवाजात, खाली अक्षरं लावून बघा, डब केलेला नको, कारण सानादाचा तो दबका, थकलेला आवाज गेला तर अर्धा सेइबेई गेला. पहिला तास संथ वाटला तरी पुढे ढकलू नका, नाहीतर बांबूच्या पात्याच्या प्रसंगी तुम्हाला काहीच वाटणार नाही. आणि बघून झाल्यावर नदीकाठची झुंज पुन्हा एकदा लावा, या वेळी दांडक्याकडे न बघता. त्याचा डावा पाय कधी मागे जातो ते मला खाली लिहून कळवा.